कोथळीवरच्या कवड्या

दिग्रस,
१८ ऑगस्ट १९६३

प्रिय शंकासुरा,

नरहर असं लिहून पाहिलं, पण ते कोणा परक्याला लिहिल्यासारखं वाटलं. तेव्हा वसतिगृहातलं नावच बरं. साडेतीन वर्षांनी पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं आणि फोडायच्या आधी दोनदा उलटंसुलटं करून पाहिलं. मला वाटलं, शिव्या असतील. शिव्या असत्या तर मी आनंदानं वाचल्या असत्या. पण तू तर अगदी नम्रपणे, अर्जदारासारखं लिहिलं आहेस. तुझ्याकडे एक रुग्ण आहे, नऊ वर्षांची मुलगी, आठ महिन्यांपासून मिरगीचे झटके, फेनोबार्बिटोननं कमी झाले पण गेले नाहीत, आणि गोळीनं ती दिवसभर पेंगते. माझा तो निबंध तू शोधून काढलास, पुन्हा वाचलास, आणि आता तुला माझा आहाराचा तक्ता हवा आहे. आठवडाभर तिची भात-पोळी बंद करून तूप सुरूही केलं आहेस, आणि तक्ता हाती आला की गोळ्या कमी करायला घेणार आहेस. नरहर, तक्ता या पाकिटात नाही. शोधू नकोस. आधी हे सगळं वाच, आणि वाचून होईपर्यंत त्या मुलीच्या गोळीला हात लावू नकोस, एवढी एक गोष्ट माझ्यासाठी कर.

तुझा विनंतीचा सूर वाचून मला खाणावळीतले आचारीबुवा आठवले. ते टकलावर केस आणणारं तेल विकायचे, आठवतं? आम्ही सगळ्यांनी बाटल्या घेतल्या. तू एकट्यानं काय केलंस, तर भांग पाडून डोक्याच्या उजव्या अर्ध्या भागाला महिनाभर तेल चोळलंस आणि डावा कोरडा ठेवलास. कॉलेजात जाताना अर्धं डोकं चकचकीत, अर्धं राठ. मुली तोंडाला पदर लावायच्या. महिन्यानं तू आम्हा सगळ्यांना रांगेत उभं करून दोन्ही बाजूंचे केस मोजायला लावलेस, आणि स्वतः मात्र मोजले नाहीस. मी विचारलं तर म्हणालास, मला तेल खोटं ठरायला हवंय, म्हणून मी मोजून चालणार नाही. तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. शंकासुर हे नाव मीच त्या दिवशी ठेवलं. ते वाक्य मला तेव्हाच कळलं असतं तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

अठ्ठावन साली मी इथे दवाखाना थाटून चार वर्षं झाली होती. सर्दी-खोकला, हिवताप, जिनिंगच्या पट्ट्यात बोटं गेलेले मजूर, बाळंतिणी. तू नागपुरात मोठ्या डॉक्टरांच्या मागे वॉर्डातून फिरत होतास आणि मी इथे गळवं फोडत होतो. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही, पण फार डाचायचं. त्या श्रावणात बसंतीबाई पहिल्यांदा आली. पुसदच्या रस्त्याला तीन कोसांवर बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथल्या भीमसिंगची बायको. हातभर पांढऱ्या बांगड्या, आरशांची कांचोळी, आणि पाठीशी नऊ वर्षांची जमनी. जमनी हसरी होती, भारी बोलकी. माझा स्टेथोस्कोप कानात घालून तिनं टेबलाचं हृदय तपासलं आणि म्हणाली, "हे मेलं." मी खरंच हसलो. त्याच दिवशी बाकावर बसल्या बसल्या तिची मान डावीकडे वळली, डोळे फिरले आणि ती खाली कोसळली. मी गोळी सुरू केली. महिन्याला पंधरा-वीस झटके यायचे ते सात-आठवर आले. गोळीनं एवढं केलं होतं, हे लक्षात ठेव. मी ते विसरलो.

मग माझ्या हाती ते जुनं इंग्रजी पुस्तक लागलं. त्यात एक प्रकरण मिरगीच्या आहाराचं होतं. रुग्णाला इस्पितळात ठेवायचं, उपाशी ठेवायचं, मग पीठ-साखर जवळजवळ बंद आणि चरबीच चरबी. काही मुलं सुधारली असं लिहिलं होतं, आणि सगळी सुधारली नाहीत असंही लिहिलं होतं. दुसरं वाक्य मी भरभर वाचलं. तांड्यावर तूप होतं, अंडी होती, तीळ होते, बोकड होता. मला वाटलं, हे तर आपल्याकडे बसल्या जागी आहे, परदेशातल्या इस्पितळाला जे अवघड जातं ते माझ्या तांड्यावर सहज होईल. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय! दिवाळी झाल्यावर मी आहार सुरू केला. दिवसाला सहा पळ्या तूप, दोन अंडी, मूठभर तीळ, मटण असेल तेव्हा मटण, आणि भाकर पूर्ण बंद. गूळ बंद, आंबील बंद, बोरंसुद्धा बंद.

आता मोजायचं कसं? बसंतीबाई म्हणाली, "सायब, मले लिवता नाई येत." तिच्या आईकडून आलेली एक फाटकी झोळी होती, कवड्या लावलेली. मी म्हटलं, त्या उसवून काढ. एक झटका आला की एक कवडी काढायची आणि एका मडक्यात टाकायची. अमावस्येनंतरच्या बाजाराला मडकं घेऊन यायचं, मी मोजीन. आणि ती विसरू नये म्हणून मी तिला जमनीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, एक झटका, एक कवडी. तिनं घेतली. माझ्या या युक्तीचा मला इतका अभिमान वाटला की यवतमाळच्या डॉक्टरांच्या बैठकीत ती मी सांगितली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तूही वाजवल्यास, मी पाहिलं होतं.

पहिल्या महिन्यात सहा कवड्या निघाल्या. मी खूश झालो. लखीराम कंपाउंडरला बोलावलं, बाहेर बसलेल्या रुग्णांना बोलावलं, म्हटलं, बघा या बाईनं काय करून दाखवलं. जमनीला लाल रिबीन दिली. दुसऱ्या महिन्यात दहा निघाल्या. आणि मी काय केलं, माहीत आहे? मी तिच्या अंगावर ओरडलो. चारचौघांत. म्हटलं, तू पोरीला चोरून भाकर दिलीस, तुम्हा लोकांना पथ्य म्हणून पाळता येत नाही, उद्यापासून माझ्याकडे येऊ नकोस. ती शपथेवर सांगत होती, "नाई दिली सायब, भाकर मांगते, रडते, पन मी नाई देत." मी ऐकलं नाही. माझा आहार चुकला असेल हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही, म्हणजे पथ्य मोडलं असलंच पाहिजे. तिसऱ्या महिन्यात मडक्यात पाच कवड्या होत्या. मग तीन, मग दोन. मग एक. मग मडकं रिकामं. मी दर वेळी शाब्बास म्हणायचो आणि तिचा चेहरा उजळायचा. ते आईचं समाधान आहे असं मी वहीत नाही, पण मनात लिहून ठेवलं.

जमनी मात्र पहिल्यासारखी बोलत नव्हती. दवाखान्यात यायची आणि पायरीवर बसून रस्त्यापलीकडच्या हॉटेलाकडे बघत राहायची. तिथे कढईत भजी तळत. एकदा तिनं मला विचारलं, "सायब, म्या मोठी झाली का भाकर भेटन?" मी म्हटलं, भेटन. तिच्या धाकट्या भावंडांना घरात ताकच उरायचं, लोणी-तूप सगळं हिच्या वाट्याला, आणि ही त्यांच्या हातातल्या भाकरीकडे बघायची. जूनमध्ये मी गोळी अर्धी केली, दसऱ्याला पाव केली, दिवाळीला बंद केली. सावकाश, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. त्या बाबतीत मला कोणी नावं ठेवणार नाही. डिसेंबरात लखीराम एकदा म्हणाला, सायब, ती तांड्याची पोरगी काल बाजारात पडली होती, कापडवाल्याच्या पालापाशी, तोंडाला फेस होता. मी म्हटलं, ऊन लागलं असेल. नरहर, डिसेंबर महिना होता.

तोवर माझं नाव झालं होतं. एका साप्ताहिकानं "मिरगीवर तुपाचा उतारा" असं ठळक छापलं. उमरखेडहून, पार केळापूरकडून लोक यायला लागले. एकूण अकरा रुग्णांना मी आहार दिला. त्यातले सहा दोन-तीन महिन्यांनी यायचे बंद झाले. तुला आठवत असेल, निबंधात मी त्यांना "सुधारणा झाल्यामुळे पुढे आले नाहीत" या खान्यात घातलं होतं. आमच्या तांड्याजवळ एक भगत आहे. मी त्याची नेहमी टिंगल करायचो की बरे झालेलेच तेवढे नारळ घेऊन परत येतात, मेलेले थोडेच तक्रार करायला येणार. मी तर त्याच्याही पुढे गेलो. माझ्याकडे न आलेलेसुद्धा बरे झालेले!

आणि मग साठ सालचा जानेवारी, यवतमाळची ती बैठक. मी नवा कोट शिवला होता. निबंध संपला, टाळ्या झाल्या, आणि मागच्या रांगेतून तू उभा राहिलास. तू दोनच प्रश्न विचारलेस. जे सहा आले नाहीत त्यांच्या घरी कोणी जाऊन आलं का? आणि मडक्यात कवडी टाकणारी जी आई आहे, तिच्याशिवाय दुसऱ्या कोणी झटके मोजले का? तू हसत नव्हतास, आवाजही चढवला नव्हतास. पण मला वाटलं, नागपूरचा मोठा डॉक्टर दिग्रसच्या वैद्याला उघडा पाडायला आला आहे. मी म्हटलं, शहरातल्या वॉर्डात वाढलेल्या माणसाला तांड्यावरच्या आईची माया कशी कळावी! सभेत हशा झाला. तू खाली बसलास. चहाच्या वेळी तू हात पुढे केलास आणि मी कोणाशी तरी बोलत असल्याचं सोंग करून पाठ फिरवली. त्यानंतर वहिनींनी संक्रांतीला दोनदा तिळगूळ पाठवला, पोस्टानं. मी पोच दिली नाही. आज लाज वाटते म्हणणं फार थोडं होईल.

एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात. तांड्यावरच्या बाया पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात जातात, ऊन चढायच्या आत वेचतात. बसंतीबाई गेली होती, भीमसिंग बैल घेऊन गेला होता. जमनी अकराव्या वर्षात होती, चुलीवर पाणी तापवण्याएवढी मोठी. ती चुलीपाशी बसली होती आणि तिला झटका आला. शेजारच्या झोपडीतली म्हातारी धूर बघून आली, तोवर जे व्हायचं ते झालं होतं. बैलगाडीतून, केळीच्या पानांवर घालून तिला माझ्याकडे आणलं. मी तुला भाजल्याचं वर्णन करत नाही, तू पुष्कळ पाहिलं आहेस. यवतमाळला हलवण्यात अर्थ नव्हता. मी तिला आतल्या खोलीत ठेवलं, माझ्याच खाटेवर.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती शुद्धीवर होती. वेदना कमी करण्यासाठी मी देता येईल ते दिलं होतं. ती हळूच म्हणाली, "याडी, बाटी दे." याडी म्हणजे आई, आणि बाटी ही त्यांच्या बोलीत आपली ज्वारीची भाकर. बसंतीबाई फडक्यात बांधून स्वतःसाठी भाकर घेऊन आली होती, कोपऱ्यात ठेवली होती. तिनं फडक्याकडे हात नेला आणि तिथेच थांबवला. आणि माझ्याकडे पाहिलं. परवानगीसाठी, नरहर. पोर मरत होती आणि ती आई माझ्या तोंडाकडे बघत होती, की साहेब, आता तरी देऊ का. मी मान डोलावली. तिनं भाकर दुधात कुस्करून दोन घास भरवले. तिसरा जमनीला गिळता आला नाही. चौथ्या दिवशी सकाळी, जिनिंगचा भोंगा झाला त्या सुमाराला ती गेली.

महिन्या-दीड महिन्यानं, अमावस्येनंतरच्या बाजाराला, बसंतीबाई आली. नेहमीच्या दिवशी, नेहमीच्या वेळेला. मडकं नव्हतं. तिनं पदराखालून एक कोथळी काढून टेबलावर ठेवली. कोथळी म्हणजे त्यांची भरतकामाची पिशवी. मुलगी लहान असतानाच आया तिच्या लग्नासाठी ती शिवायला घेतात. लाल-काळ्या धाग्याची होती, आणि एका बाजूनं कवड्यांच्या रांगाच रांगा. "मोजा सायब," ती म्हणाली. मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. तुम्ही रागावत होते. कवड्या जास्ती झाल्या का पोरीले भाकर मी दिली म्हणत होते. कमी झाल्या का हसत होते, पोरीले रिबीन देत होते. मी शपथ नाई मोडली सायब, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून मोडन कशी? एक झटका आला का एक कवडी काढली. फक्त सगळ्या मडक्यात नाई टाकल्या, इथं टाचल्या, मडक्यातल्या तुमी मोजल्यावर त्याबी इथंच टाचल्या. म्हटलं, लग्नात तिच्याच कामी येतीन. एका अमावस्येची एक रांग.

मी मोजल्या. दोनदा मोजल्या. पंधरा रांगा होत्या, एकशे सदतीस कवड्या. त्याच पंधरा महिन्यांत माझ्या वहीत अकरा होत्या. पहिल्या दहा रांगा सात-सात, आठ-आठ कवड्यांच्या, म्हणजे आहाराच्या आधी होते तितकेच झटके. आणि दिवाळीनंतरच्या, गोळी बंद झाल्यानंतरच्या पाच रांगा बारा-बारा, चौदा-चौदा. कडेला जागा पुरली नाही म्हणून शेवटची रांग तिनं वळवून दुसऱ्या बाजूला नेली होती. आयुष्यात एवढा स्पष्ट तक्ता मी कोणत्याही पुस्तकात पाहिला नाही. तो बाईनं धाग्यानं काढला होता, आणि तुझ्या दोन प्रश्नांपैकी एकाचं उत्तर त्यात होतं. दुसऱ्याचं उत्तर मी पुढच्या पावसाळ्यात सायकलवर हिंडून मिळवलं. त्या सहांपैकी चार जण आहार कंटाळून सोडून भगताकडे गेले होते. एक गाव सोडून गेला होता. एक मेला होता, विहिरीत पडून.

खरी लाजेची गोष्ट याच्या पुढची आहे. बसंतीबाई कवड्या मोजून घ्यायला आली नव्हती. ती कबुली द्यायला आली होती. "मी लपोलं म्हनून पोरगी गेली ना सायब?" असं तिनं मला विचारलं. मी म्हणायला हवं होतं की बाई, तू नाही, मी. तुझ्यावर ओरडणारा मी, कमी कवड्यांना बक्षीस देणारा मी, गोळी बंद करणारा मी. त्यातलं एकही वाक्य मी बोललो नाही. कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणालो, जे झालं ते झालं. ती कोथळी उचलून गेली. तो भार डोक्यावर घेऊन ती तीन कोस चालत गेली, आणि मी दुसऱ्या रुग्णाला आत बोलावलं. आहार मी त्यानंतर कोणाला दिला नाही. पण निबंध मागे घेतला नाही, साप्ताहिकाला कळवलं नाही, कोणी पत्र पाठवून तक्ता मागितला तर हल्ली वेळ नाही असं मोघम उत्तर लिहिलं. माझं नाव जाईल या भीतीनं ते छापील पान मी तीन वर्षं जगात मोकळं फिरू दिलं. आणि फिरत फिरत ते तुझ्या टेबलावर आलं.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी नुसता चरफडत होतो. मग परवा तांड्यावर गेलो. बसंतीबाई आता वाकली आहे. ज्वारी पाखडत बसली होती. मी बाजेवर न बसता तिच्यासमोर खाली बसलो आणि जे तीन वर्षांपूर्वी सांगायचं होतं ते सांगितलं, सगळं, एकेक करून. भीमसिंग दारात उभा राहून ऐकत होता. तो बाहेर निघून गेला आणि मी परतेपर्यंत आत आला नाही, ते बरोबरच होतं. तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, शिव्या देईल. मी तुझ्या पत्राचंही सांगितलं होतं, की नागपूरला एक पोर आहे, तिच्यावर हाच उपाय करून राहिलेत. तिनं माफी-बिफी काही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "त्या पोरीले भाकर भेटते का सायब?"

आता तुझा आवडता भाग. शास्त्र. आहारात काहीच नाही असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, ते पुन्हा एकदा पुराव्याशिवाय बोलणं होईल. इस्पितळात, रोज लघवी तपासून, वजनावर अन्न देऊन, दुसऱ्याच माणसाकडून झटके मोजून कोणी करत असेल तर त्यांना कदाचित काही दिसत असेल. मुंबईला किंवा बाहेर कोणी तसं करत असेल तर त्यांना विचार. माझ्या कागदावर मात्र विश्वास ठेवू नकोस. तो एका गर्विष्ठ माणसाला खूश ठेवायला एका भित्र्या आईनं केलेला हिशेब आहे, आणि न आलेल्या सहा माणसांची थाप. गोळी पुरी पडत नसेल तर मात्रेचा विचार कर, दुसरं औषध जोडता येईल का ते तुझ्या मोठ्या डॉक्टरांना विचार. पेंगणारं पोर बघवत नाही, मला कळतं. पण पेंगणारं पोर सकाळी उठतं.

निबंध मागे घेत असल्याचं पत्र मी काल त्या साप्ताहिकाला आणि यवतमाळच्या चिटणिसांना टाकलं. त्याची नक्कल सोबत आहे. कोथळीतल्या कवड्यांचा आकडा त्यात लिहिला आहे, बसंतीबाईला विचारून. ती म्हणाली, लिवा.

आणि आता हे पत्र का लिहिलं ते. तक्ता नाही, एवढं तारेनंही कळवता आलं असतं. पण तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू नेहमी रुग्णाच्या नावाची आद्याक्षरं लिहितोस, या वेळी लिहिली नाहीस. मंगळवारचा झटका घड्याळात पाहून चार मिनिटं, बुधवारचा तीन, आणि पुढे तू लिहिलं आहेस, "शुद्धीवर आली की ती आधी मला ओळखते, मग आईला." रुग्ण डॉक्टरला आधी ओळखत नाही, नरहर. नऊ वर्षांपूर्वी मी जिच्या बारशाला आलो होतो, जिच्या कानात तू माझ्याआधी कोणाला कुर्र करू दिलं नाहीस, ती कुंदाच ना रे ही? ज्यानं तेलासाठी अर्धं डोकं कोरडं ठेवलं, तो माणूस स्वतःच्या मुलीसाठी माझा खोटा कागद धरून बसला आहे, हे वाचून मला किती भरून आलं ते मी लिहू शकत नाही. मी शनिवारच्या बसनं येतो आहे. तू मोजायचं नाहीस, वहिनींनी मोजायचं नाही, मी मोजीन. घरात मला थारा दिलास तर महिनाभर राहीन, नाही दिलास तर धर्मशाळेत उतरेन, पण मोजीन, आणि एकही कवडी इकडची तिकडे होणार नाही. मी येईपर्यंत गोळी चालू ठेव. आणि हे पत्र हातातून ठेवल्याबरोबर स्वयंपाकघरात जा. कुंदा पोळी मागत असेल. तिला वाढ. वहिनी तुझ्या तोंडाकडे बघतील, तोपर्यंत थांबू नकोस.

त्या दिवशी पाठ फिरवलेला, पण तुझाच,
मधुसूदन